माप कोणाच्या हाती?

गेल्या चैत्रात लंडनच्या वायव्येकडील एका उपनगरात भाच्याच्या घरी माझा मुक्काम असताना एके सकाळी त्याला गॅस पुरविणाऱ्या कंपनीचे पत्र आले. पत्राची भाषा मोठी अदबीची होती. आरंभी कृतज्ञता, अखेरीस शुभेच्छा, असा सारा शिष्टाचार पाळलेला होता, आणि या सौजन्याच्या मधोमध, बोलता बोलता सहज आठवले म्हणून सांगावे अशा थाटात, येत्या महिन्यापासून आपला ठरलेला मासिक हप्ता ७० पौंडांऐवजी ११२ पौंड राहील आणि ती रक्कम नेहमीप्रमाणे आपल्या बँकेतून परस्पर उचलली जाईल, असे एक वाक्य होते. भाच्याने ते पत्र दोनदा वाचले आणि तो म्हणाला, "मामा, ठरलेला हप्ता त्यांनी एकट्यानेच बदलायचा, तर मग मुळात ठरले होते ते कोणाकोणात?"

त्याच्या रोषाला आधार होता. त्या थंड मुलुखात गॅस जळतो तो मुख्यतः हिवाळ्यात, घर उबदार ठेवण्यासाठी. उन्हाळ्यात स्नानाचे पाणी आणि स्वयंपाक यांपलीकडे त्याला काम नसते. म्हणून वर्षभराच्या खर्चाचा अंदाज बांधून त्याचे बारा समान भाग करावेत, उन्हाळ्यात थोडे जास्त देऊन गंगाजळी साठवावी आणि थंडीत ती खर्ची पडावी, अशी ही रीत आहे, आणि रीत म्हणून ती वाईट नाही. आश्विन-कार्तिकात ग्राहकाचे पैसे कंपनीकडे शिल्लक दिसले तर त्यात वावगे काही नाही. परंतु हिवाळा सरून चैत्र उजाडल्यावरही ज्याचे १८० पौंड कंपनीकडे जमा आहेत, त्याचाच हप्ता दीडपटीहून अधिक वाढावा, हा हिशेब कोणत्याही कारकुनाला पटण्यासारखा नव्हता. भाचा उठला आणि जिन्याखालच्या अंधाऱ्या कपाटात विजेरी घेऊन मीटरचा आकडा वाचावयास ओणवा झाला. तो तसा ओणवा झालेला पाहताना मला वाटले, की हा मुलगा आज जे करीत आहे ते या शहरात दोनशे वर्षे चाललेल्या एका जुन्या दाव्याचेच पुढचे पान आहे. आणि त्या दाव्याचा मुद्दा गॅसचा दर हा नसून, माप कोणाच्या हाती, हा आहे.

दगडी कोळसा बंद भट्टीत तापविला असता निघणारा वायू जाळून प्रकाश मिळतो, हे १७९२ साली विल्यम मर्डॉक याने कॉर्नवॉलमधील रेडरुथ येथे आपल्या राहत्या घरी दाखवून दिले होते. तथापि तो वायू एका मध्यवर्ती कारखान्यात तयार करून नळांनी घरोघर पोहोचवावा, ही कल्पना लंडनच्या गळी उतरविली ती फ्रेडरिक अल्बर्ट विन्सर या जर्मन गृहस्थाने. त्याचे शास्त्राचे ज्ञान बेताचे आणि वाचाळपणा अफाट होता. पण १८०७ साली पॅल मॅल या राजमार्गावर त्याने लावलेले दिवे लोकांनी डोळ्यांनी पाहिले, आणि १८१२ साली 'गॅस लाइट अँड कोक कंपनी'ला राजाची सनद मिळाली. पुढच्याच वर्षाच्या अखेरच्या रात्री वेस्टमिन्स्टरचा पूल गॅसने उजळला. तेलाच्या दिव्याच्या धुरकट उजेडाला सरावलेल्या दुकानदारांना हा शुभ्र प्रकाश म्हणजे गिऱ्हाईक ओढून आणणारे लोहचुंबकच वाटले, आणि कंपनीच्या दारात अर्जांची रीघ लागली.

परंतु या नव्या मालाची विक्री करावयाची कशी? तेल पळीने मापता येते, कोळसा तराजूत घालता येतो. जो पदार्थ दिसत नाही, हातात येत नाही आणि जळून गेल्यावर राखही मागे ठेवीत नाही, त्याचे माप कसे करावे? कंपनीने यावर जो तोडगा काढला तो आपल्याकडील कोणत्याही ठेकेदाराला चटकन समजेल. तिने गॅस उक्ता दिला. दुकानात दिवे किती, ते कोणत्या आकाराचे, ज्योत गोल अर्गांड नळीची की वटवाघळाच्या पंखासारखी पसरट, आणि ते रात्री किती वाजेपर्यंत जळणार, याची नोंद व्हावी, त्यावरून वर्षाचा आकार ठरावा, आणि मग ग्राहकाने ठरल्या वेळी तोटी बंद करावी, असा हा करार होता. दिवस उजाडला की कंपनी आपल्याकडूनच नळातील पुरवठा तोडीत असे.

ठरलेली वेळ झाली म्हणून उत्तम गिऱ्हाईक दुकानात उभे असताना दिवा मालवील असा व्यापारी लंडनमध्ये काय किंवा पुण्याच्या बुधवारात काय, सापडणे कठीण. दिवे अर्धा अर्धा तास अधिक जळत, काही ठिकाणी मंजूर आकाराहून मोठ्या ज्योतीही फुलत, आणि नळातून गेलेला वायू व पेटीत आलेला पैसा यांचा मेळ बसेना. तेव्हा कंपनीने रात्री गल्लोगल्ली फिरणारे निरीक्षक नेमले. दुकानांच्या झडपांच्या फटींतून उजेड दिसतो का, हे पाहत हे लोक हिंडत, आणि कराराबाहेरचा उजेड दिसला की दुकानदाराची कैफियत सुरू होई. या काळात संशयी होती ती कंपनी, आणि चोरटा ठरत होता तो ग्राहक. उक्त्याचा हा स्वभावच आहे: ज्याच्या हाती माल तो खुशाल असतो आणि दुसऱ्याला झोप लागत नाही.

या संशयातूनच मीटर जन्मास आला. कंपनीचा अभियंता सॅम्युएल क्लेग याने १८१५ साली त्याचे पेटंट घेतले आणि काही वर्षांतच जॉन मॅलम याने त्यात मोलाची सुधारणा केली. अर्धाअधिक पाण्यात बुडालेले एक पोकळ पिंप, त्याच्या पोटात कप्पे. वायू एका कप्प्यात शिरला की तो कप्पा पाण्यातून वर उचलला जावा, पिंप फिरावे, आणि प्रत्येक फेऱ्यागणिक तबकडीवरचा काटा एक पाऊल पुढे सरकावा, अशी ती युक्ती होती. आता तंटे मिटतील असे सर्वांना वाटले असावे, परंतु झाले ते उलटेच. कारण मापाची सारी सचोटी पिंपातील पाण्याच्या पातळीवर अवलंबून होती. पाणी ओसरले की कप्प्यात वायूला जागा अधिक होई, एका फेऱ्यात जास्त वायू निघून जाई आणि काटा मात्र एकच पाऊल सरके, म्हणजे नफा ग्राहकाचा; पाणी वाजवीपेक्षा वर राहिले की तोच कप्पा आखूड होई आणि नफा कंपनीचा. पाणी आपोआप वाफ होऊन उडून जाई, कडाक्याच्या थंडीत गोठून सारा व्यवहारच बंद पाडी, आणि मीटर किंचित कलता केला तरी त्याचे इमान डळमळे. पुढे लोहाराच्या भात्यासारख्या चामडी घड्यांचा कोरडा मीटर प्रचारात आला. तरीही एक प्रश्न शिल्लकच होता: मीटर कंपनीचा, वाचणारा माणूस कंपनीचा, आणि बिल लिहिणारी लेखणीही कंपनीची, मग ग्राहकाने विश्वास ठेवावा तो कोणावर?

या प्रश्नाचे उत्तर पार्लमेंटने १८५९ च्या कायद्याने दिले. घनफुटाचे एक प्रमाण-माप सरकारी खजिन्यात ठेवले गेले, मीटर तपासून त्यावर छाप उमटविणारे निरीक्षक नेमले गेले, आणि चुकीची मर्यादा ठरली ती अशी, की मीटर विक्रेत्याच्या बाजूने शेकडा २ व ग्राहकाच्या बाजूने शेकडा ३ यांहून अधिक चुकता कामा नये. हा एका टक्क्याचा फरक मला नेहमी फार बोलका वाटतो. निर्दोष माप मनुष्याच्या हातून होत नाही हे एकदा मान्य केल्यावर, चूक व्हावयाचीच तर ती ज्याच्या हाती नळ नाही त्याच्या लाभाची व्हावी, एवढा विवेक त्यात साठविलेला आहे. शिवकालात पाच हात पाच मुठींची काठी ठरवून जमिनीची मोजणी झाली तेव्हाही मर्म हेच होते: सारा कमी झाला की नाही हा प्रश्न वेगळा, परंतु रयत आणि दिवाण या दोघांच्याही आधी काठी ठरलेली असली पाहिजे.

माप ठरले तरी दराचा तंटा उरतोच, आणि त्याची कथा अधिक रंगतदार आहे. १८२० च्या दशकात मीटरने घेतलेल्या १००० घनफूट गॅसला लंडनमध्ये १५ शिलिंग पडत. पुढे कंपन्या वाढल्या, एकाच रस्त्याखाली तीन-तीन चार-चार कंपन्यांचे नळ शेजारी शेजारी पुरले गेले, कोणाचे घर कोणाच्या नळाला जोडले आहे याचा कामगारांनाही उलगडा होईना, आणि दर उतरत उतरत १८४० च्या दशकाअखेर ६ शिलिंगांच्या आसपास येऊन थांबला. तो तेथे थांबावा याला कारण उरले नाही असे ज्यांना वाटत होते, त्यांचा अग्रणी चार्ल्स पिअर्सन. हा लंडनच्या सिटी कॉर्पोरेशनचा वकील. पुढे ज्या भुयारी रेल्वेने लंडन जगात गाजले तिच्यासाठीही यानेच आयुष्यभर खटपट केली, आणि ती १८६३ साली सुरू होण्यापूर्वी काही महिने तो वारला. पिअर्सनने १८४९ साली ग्राहकांना एकत्र करून त्यांचीच एक कंपनी उभी केली, आणि आपण १००० घनफुटांना ४ शिलिंग दराने गॅस देऊ, असे जाहीर केले. जुन्या कंपन्यांनी हे अशक्य आहे, दिवाळखोरी आहे, असा ओरडा केला, आणि मग मुकाट्याने स्वतःचे दर खाली आणले. गिऱ्हाइकांनी अर्जविनंत्या करून जे साधले नव्हते ते त्यांनी स्वतःचा कारखाना काढण्याच्या नुसत्या तयारीने साधले.

पण विजयाचा गुलाल फार काळ टिकला नाही. चढाओढीने थकलेल्या कंपन्यांनी १८५७ पर्यंत आपापसात मुलूखवाटणी करून घेतली. अमुक रस्त्याच्या अलीकडे तुझा अंमल, पलीकडे माझा. कोणी कोणाच्या हद्दीत नळ टाकू नये. ग्राहकाला आता दुसऱ्याकडे जाण्याची वाटच उरली नाही, आणि पुन्हा सभा, ठराव आणि शिष्टमंडळे यांचे सत्र सुरू झाले. १८६० च्या कायद्याने पार्लमेंटने ही मुलूखवाटणी मान्य केली, पण तिच्या बदल्यात प्रकाशाची प्रत आणि नफ्याची मर्यादा यांचे बंधन घातले. लाभांश शेकडा १० च्या वर जाता कामा नये असे ठरले. वरवर पाहता हे न्याय्य, परंतु त्यात एक खोच होती. दहा टक्के हातात पडल्यावर गॅस स्वस्त करण्यात कंपनीला गोडी कसली? तेव्हा १८७५ पासून 'सरकता दर' नावाची एक मोठी चतुर योजना लंडनच्या कंपन्यांना लागू होऊ लागली. १००० घनफुटांना ३ शिलिंग ९ पेन्स असा एक पायाभूत दर धरावा. त्याहून दर एक पेनीने उतरविला तर भागधारकांना पाव टक्का अधिक लाभांश घेण्याची मुभा, एक पेनीने चढविला तर पाव टक्का कमी. दरवाढ करावयाची असेल तर आधी स्वतःच्या पानातील घास कमी करा, असा हा दंडक होता, आणि ग्राहक व कंपनी यांच्या दाव्यात इतका समतोल निवाडा त्यानंतर क्वचितच झाला असेल.

याच सुमारास हे नवल आपल्याकडेही पोहोचले होते. १८६५ च्या ऑक्टोबरात मुंबईत एस्प्लनेड, चर्चगेट स्ट्रीट आणि भेंडीबाजार येथे बॉम्बे गॅस कंपनीचे दिवे प्रथम लागले, तेव्हा दिवे लावणाऱ्या माणसांच्या मागोमाग बघ्यांची झुंड थक्क होऊन चालली होती. पुढे मुंबईच्या स्वयंपाकघरात गॅस खऱ्या अर्थाने शिरला तो १९५५ साली, 'बर्शेन'च्या लोखंडी सिलिंडरातून. सिलिंडराची एक थोरवी अशी, की माल आधी दारात येतो आणि पैसे मग जातात. शंका आली तर आणून देणाऱ्याच्या काट्यावर त्याचे वजन करून मागता येते. नळाच्या गॅसला काटा नसतो, आणि म्हणूनच लंडनचा दावा मिटला नाही.

त्या दाव्यातील सर्वांत मानवी प्रकरण गरिबांच्या घरी घडले. तिमाही बिल एकरकमी भरण्याची ऐपत नसलेल्या मजूर कुटुंबांना गॅस मिळतच नसे. त्यांच्यासाठी १८८० च्या दशकाअखेर पेनी टाकून चालणारा मीटर निघाला. लंडनमध्ये १८९२ पासून 'साउथ मेट्रोपॉलिटन' कंपनीने तो झपाट्याने पसरविला. फटीत पेनी टाकावी, खटका फिरवावा, पेनीपुरता गॅस जळावा आणि संपताच ज्योत विझावी. मीटर व शेगडी बसविण्याचा खर्च वसूल व्हावा म्हणून पेनीचा गॅस बिलाच्या गॅसहून महाग लावलेला असे, आणि तरीही गृहिणी त्यावर खूष होत्या, याचे कारण स्वयंपाकघरातील टेबलावर दिसे. ठराविक मुदतीने वसुलीदार येई, मीटरची पेटी उघडी, आणि पेनींची रास टेबलावर ओतून तांब्याच्या चळती रचीत मोठ्याने मोजी. जळलेल्या गॅसच्या हिशेबाहून जमा अधिक भरली, की तेवढ्या पेनी तो तेथल्या तेथे चळतीतून वेगळ्या काढून बाईच्या पुढे सरकवी. घरखर्चाने पिचलेल्या त्या बायांना हे परत आलेले पैसे सणासारखे वाटत. दर महाग होता, परंतु मोजणी डोळ्यांसमोर होती आणि जास्तीचे पैसे त्याच क्षणी हातात पडत होते.

पुढचा प्रवास झपाट्याने सांगून टाकण्याजोगा आहे. १९४९ साली हजाराहून अधिक गॅस-उपक्रमांचे राष्ट्रीयीकरण होऊन बारा प्रादेशिक मंडळे झाली, आणि प्रत्येकाशेजारी ग्राहकांची दाद ऐकणारी सल्लागार परिषद बसविली गेली. १९६७ ते १९७७ या दशकात उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायू घरोघर पोहोचून कोळशाच्या भट्ट्या विझल्या. १९८६ साली हा सारा व्यवसाय पुन्हा खाजगी भागधारकांना विकला गेला, आणि १९९८ पर्यंत कोणत्याही घराला वाटेल त्या विक्रेत्याकडून गॅस घेण्याची मोकळीक मिळाली. या मोठ्या उलथापालथींपेक्षा आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना मात्र कोणाच्या फारशी नजरेत भरली नाही. १९६४ साली युनिलिव्हरमधील अ‍ॅलिस्टर हँटन यांनी डायरेक्ट डेबिटची पद्धत बसविली. तिच्यात देणेकऱ्याने बँकेला एकदा मुखत्यारी दिली, की पुढे किती व केव्हा उचलावयाचे हे घेणेकरी ठरवितो. पूर्वसूचना देण्याचे आणि चुकीने उचललेली रक्कम बँकेकडून तत्काळ परत मिळण्याचे संरक्षण त्यात आहे, हे खरे. पण पैशाच्या चळती टेबलावरून उठून गेल्या, हेही तितकेच खरे.

अशा रीतीने १८१५ च्या मीटरने हळूहळू मोडीत काढलेला उक्ता दीडशे वर्षांनी मागच्या दाराने परत आला. फरक एवढाच, की पारडे फिरले. पूर्वी ग्राहक आधी गॅस जाळून बसे आणि कंपनी झडपांच्या फटींतून डोकावत राही. आता कंपनी आधी पैसे उचलून बसते आणि ग्राहक जिन्याखालच्या कपाटात ओणवा होतो. २०१९ पासून सरकारी नियामक 'ऑफजेम'ने दरावर कमाल मर्यादा घातली आहे. मात्र ती युनिटच्या दरावर व स्थिर आकारावर आहे, मासिक हप्ता किती धरावा यावर नाही. युद्ध आणि टंचाई यांनी २०२२ साली गॅसचे भाव भडकले तेव्हा ही फट उघडी पडली. त्या वर्षीच्या फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांत ५ लाखांहून अधिक ग्राहकांचे हप्ते दुपटीहून अधिक वाढले होते, असे ऑफजेमच्याच तपासणीत आढळले, आणि त्यांची फेरतपासणी करण्याचा हुकूम कंपन्यांना द्यावा लागला.

भाच्याच्या बाबतीत गफलत कोठे झाली होती, हे मीटर वाचताच कळले. कंपनीने जानेवारीत कोणी न पाहताच अंदाजाने आकडा धरला होता, आणि चैत्रातला खरा आकडा त्या कल्पित आकड्याहूनही १४० घनमीटरांनी मागे होता. त्याने मीटरचे छायाचित्र काढले, जुनी बिले टेबलावर मांडली, आणि आम्ही दोघे हिशेबाला बसलो. वर्षाचा वापर १२,००० युनिट, युनिटला ६ पेन्स, म्हणजे ७२० पौंड. रोजचा स्थिर आकार ३० पेन्स, म्हणजे वर्षाचे १०९ पौंड ५० पेन्स. एकूण ८२९ पौंड ५० पेन्स, आणि त्याचा बारावा हिस्सा ६९ पौंडांहून किंचित अधिक. ११२ हा आकडा कोणत्याही बाजूने येईना. हप्ता उपलब्ध असलेल्या उत्तम व अद्ययावत माहितीवर आधारलेला असावा, अशी कंपनीच्या परवान्यातच अट आहे. तेव्हा त्याने तेवढेच लिहिले: ही घ्या अद्ययावत माहिती, हा घ्या हिशेब, आपला हिशेब कळवावा. आठ आठवड्यांत समाधान न झाल्यास ऊर्जा-लोकपालाकडे जाण्याची वाट मोकळी असते; ती चालावी लागली नाही. तीन आठवड्यांनी उत्तर आले, पहिल्या पत्राइतकेच अदबीचे: हप्ता ७२ पौंड, आणि शिलकीतील १०० पौंड परत.

मी निघालो त्याच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघराच्या भिंतीवरील कालनिर्णयाकडे माझे लक्ष गेले. माझी बहीण दर वर्षी तो मुलाला पुण्याहून पाठविते. तिच्या स्वतःच्या घरी त्याच दिनदर्शिकेच्या चौकोनांत दुधाचे खाडे मांडलेले असतात, आणि महिनाअखेरीस गवळी दारात उभा राहिला की तिचे बोट एकेका खाड्यावरून फिरत जाते. तो कधी कुरकुरतो, पण त्या चौकोनांपुढे त्याचे काही चालत नाही. भाच्याच्या कालनिर्णयात दुधाचे खाडे नव्हते. त्या महिन्याच्या पहिल्या तारखेच्या चौकोनात, चतुर्थीच्या शेजारी, त्याने पेन्सिलीने मीटरचा आकडा लिहून ठेवला होता.